दुसऱ्या कमरेचं माप

१

सकाळी अंघोळ झाली की मी आरशापुढे जात नाही, आधी कमर चाचपते. ओल्या हाताने मण्यांचे तिन्ही सर तपासते आणि मग माझा दिवस सुरू होतो. खालचा पांढरा सर कुल्ह्यांवर रुतत असेल तर समजायचं, बांकूचा, आंबवलेल्या मक्याच्या उकडीचा, गोळा रात्री एक जास्त झाला. मधला निळा सर ढिला लोळत असेल तर समजायचं, दुकानाच्या गडबडीत जेवण चुकतंय. वरचा पिवळा सर बेंबीपाशी असतो. तो माझ्या आईने ओवलेला आहे, आणि मला त्याच्याबद्दलच सांगायचं आहे.

आमच्या ओदुमासे गावात मणी कोण करत नाही? बाटल्या फोडून काच कुटायची, मातीच्या साच्यात भरून भट्टीत घालायची, हे आमच्या आळीतल्या कुणालाही जमतं. पण ओवावं ते माझ्या आईनेच. ती हूक लावत नाही, रबर घालत नाही. सुती दोरा अंगावरच गाठ मारून बांधते, आणि एकदा बांधला की तो काढायचा नाही. मग तो कपड्यांच्या आत तुमच्याबरोबर झोपतो आणि तुमच्याबरोबर उठतो. दुकानात बायका मला विचारतात, "देदे, दिवसभर मशीनवर बसून तुझी पाठ वाकत कशी नाही?" मी सांगते, वाकले की पिवळा सर चिमटा काढतो. माझ्या नवऱ्याचं, तेयेचं म्हणणं वेगळंच. तो म्हणतो, "तुझे मणी वाजतात म्हणून बरं. तू स्वयंपाकघरातून निघालीस की मला चेहरा सरळ करायला वेळ मिळतो."

त्या दिवशी एक बाई ब्लाऊजची बाही उसवून घ्यायला आली होती. ती समोरच्या बाकावर बसून नणंदेच्या चहाड्या सांगत होती, आणि मी सुईत दोरा घालत होते. सुईत दोरा घालताना मी श्वास धरते. शिकत होते तेव्हापासूनची सवय आहे ती. मी श्वास धरला, दोऱ्याचं टोक नेढ्यापाशी नेलं, आणि पिवळा सर पोटावर वर आला. मग खाली गेला. मग पुन्हा वर आला, अगदी सावकाश, निवांत बसलेल्या माणसाच्या पोटावर येतो तसा.

मी श्वास घेतलेला नव्हता. दोरा नेढ्यात गेलाच नाही आणि बाई म्हणाली, "आता चष्मा घे गं, लाजू नकोस."

२

मी शिवणारी बाई आहे. मोजल्याशिवाय माझा कशावर विश्वास बसत नाही.

दुपारी दुकानाचं दार लोटून मी मोजायची टेप पोटाभोवती गुंडाळली, पिवळ्या सराच्या बोटभर खाली. श्वास धरला. टेप जागची हलली नाही. तिच्या बोटभर वर मणी मात्र वर-खाली होत होते. आधी म्हटलं नाडी असेल, पण नाडी इतकी संथ कशी चालेल? मग म्हटलं पोटात वायू धरला असेल. काल भेंडीचं कालवण जरा जास्तच झालं होतं. पण वायू असा तालात चालत नाही. मी भराभर श्वास घेऊन पाहिला, तर सराचा श्वास आपला सावकाशच चालला होता. माझ्याशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं.

घरी तेयेला सांगितलं. तो खो खो हसला. "म्हणजे आता एकीच्या जागी दोन बायका? मला कुणी विचारलं का?" मी त्याचा हात धरून माझ्या कमरेवर ठेवला आणि श्वास रोखला. तो आधी हसत होता. मग त्याचं हसणं थांबलं. हात त्याने झटकला नाही, हळूच काढून घेतला.

"आईला विचार," एवढंच म्हणून तो अंगणात गेला आणि कोंबड्यांना दाणे टाकू लागला. त्या दिवशीचे दाणे टाकून झाले होते.

३

आई भट्टीच्या आडोशाला तिच्या बुटक्या स्टुलावर बसलेली असते. सर ओवून घ्यायला आलेली मुलगी तिच्यापुढे पाठ करून उभी राहते, म्हणजे आईचं तोंड तिच्या कमरेशी येतं. गावातल्या कितीतरी बायकांचे चेहरे आईला नीट आठवत नाहीत. कमरा मात्र सगळ्या आठवतात. आता तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आहे, तरी तिचं काही अडत नाही. बोटांनी चाचपून ती अजून रंगसुद्धा सांगते, आणि चुकत नाही. मला तिच्या हातांचा अभिमान वाटतो. लहानपणी वाटायचा त्याहून जास्त आता वाटतो.

"आई, माझा पिवळा सर ओवलास तेव्हा माप कुणाचं घेतलं होतंस?"

"तुझंच. आणखी कुणाचं घेणार?"

"मी तेव्हा कोफोरिदुआ शहरात शिवण शिकत होते. लग्नाच्या आदल्या दिवशी घरी आले तर तुझा सर तयार होता. तू नुसती गाठ मारलीस."

आईचे हात थांबले. एकीचा सर दुसरीच्या अंगावर मोजायचा नाही, हे तिनेच आम्हाला शिकवलेलं. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर तिने भर बाजारात तिचे वाभाडे काढले असते.

"माकूचं घेतलं," ती शेवटी म्हणाली. माकू माझी धाकटी बहीण. "लग्न तोंडावर आलेलं, तुझा पत्ता नाही, मी काय करायचं? तुम्हा दोघींच्या कमरा सारख्या. म्हणून घरात हाक मारली, बाहेर ये गं जरा, उभी राहा. ती आली आणि पाठ करून उभी राहिली."

"आणि काही बोलली नाही? आपली माकू?"

"हूं की चूं नाही! एरवी ती मुलगी मुंग्या चावल्यासारखी नाचते. त्या दिवशी अशी उभी राहिली की मीच चाट पडले." आईचा चेहरा उजळला. "काय कमर होती गं, देदे. कुठे जास्त नाही, कुठे कमी नाही. आयुष्यभर ओवत आले, पण तशी पाहिली नाही. मनात म्हटलं, चला, माकू अंगाने भरली. तुझ्याहून सुंदर होती. राग मानू नकोस."

"मानणार."

"मान मग," आई म्हणाली आणि पुन्हा ओवू लागली.

हसाल तुम्ही, पण घरी येताना मला हलकं वाटलं. हा श्वास माकूचा आहे, असं मी मनाशी ठरवून टाकलं. माकू दूर तेमाला असते, बंदराजवळ तिचं मासळीचं दुकान आहे. सर तिच्या अंगाचा आहे, म्हणून तो तिचं अंग सांगतो. हे वेडगळ आहे हे मलाही कळत होतं, पण मापाची चूक मला समजते. बाही चुकीच्या मापाची झाली तर ती दुसरीच्याच दंडाला बसते.

त्यानंतरचे काही आठवडे फार छान गेले. मशीनवर बसल्या बसल्या मला तिचा श्वास कळायचा. ती चालायला लागली की कळायचं, टेकली की कळायचं. एकदा सर थरथर थरथर हलला, आणि ती कशाला तरी हसते आहे हे ओळखून मीही गिऱ्हाइकापुढे हसू लागले. इतक्या जवळून मी माझ्या बहिणीला कधी ओळखलंच नव्हतं. काय सुरेख श्वास होता तो! लांब, भरलेला, कशाची घाई नसलेला. माकूला लहानपणापासून दमा आहे, आणि तरी ती असा श्वास घेते याचं मला कौतुक वाटायचं.

मग तो श्वास तोकडा होऊ लागला. आधी चालताना, मग बसल्या बसल्याही. वर यायचा आणि अर्ध्यातच अडकायचा.

मी फोन केला. "तुझा दमा उलटलाय. मला सगळं कळतंय."

"ताई, मी ठणठणीत आहे."

"खोटं बोलू नकोस."

"बरं, नाही बोलत. इथे मासे फार महाग झालेत, हे खरं आहे." मागे दुकानातल्या बायका हसल्या. माझ्या पोटावर मात्र कुणीतरी श्वासासाठी तडफडत होतं.

४

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून मी ट्रोट्रोत, खचाखच भरणाऱ्या वडाप गाडीत, बसले. शेजारचा माणूस कोंबडी मांडीवर घेऊन झोपला होता. मी दोन्ही हात पोटावर धरून प्रत्येक श्वासाची वाट बघत होते. एक आला, की पुढचा येईल ना, अशी भीती वाटायची. वाटेत कुणीतरी मोठमोठ्याने प्रार्थना म्हणत होतं. एरवी मी कंटाळले असते. त्या दिवशी मीही त्यात सूर मिसळला.

माकू दुकानाच्या दारात स्टूल टाकून पानात उकडलेलं मक्याचं केंके आणि तळलेला मासा खात होती. बोटं चाटत ती उठली. "अरे बापरे! कोण मेलं?"

मी तिला पाठमोरं केलं आणि तिच्या पाठीला कान लावला. तिचा श्वास आत जात होता, बाहेर येत होता, शांतपणे. छातीत जराही घरघर नव्हती. आणि माझ्या कमरेचा सर वर येऊन अर्ध्यात अडकला होता.

"ताई, लोक बघतायत," माकू म्हणाली. "मला गुदगुल्या होतात."

मी तिला आत नेलं, बर्फाच्या पेट्यांच्या मधल्या जागेत बसवलं आणि सगळं सांगितलं. ती मधेमधे हसत होती. आई कमरेचं कौतुक करत होती हे ऐकून तर तिने केंकेचा तुकडाच हवेत उडवला. पण माप कधी घेतलं हे सांगितल्यावर तिने हातातला घास खाली ठेवला.

"माझं माप?" तिने विचारलं. "तुझ्या लग्नाच्या आधी?"

"हो. आईने हाक मारली, तू बाहेर आलीस, उभी राहिलीस."

"ताई, मी तेव्हा घरात होते कुठे? दम्याने बेजार झाले म्हणून मावशी मला इथे समुद्राच्या हवेला घेऊन आली होती. आठव जरा. मी लग्नाच्या सकाळी आले, आणि तू मला ओरडलीस, की वेण्या घालायला वेळ उरला नाही."

मला आठवलं. वेण्या अर्धवट राहिल्या होत्या. फोटोत अजून तशाच आहेत.

माकूने हात धुतले, पुसले आणि माझ्या ब्लाऊजखालून पिवळ्या सरावर ठेवले. तिने तेयेसारखा हात काढून घेतला नाही. डोळे मिटून बराच वेळ ती तशीच बसली. माझ्या बहिणीला श्वासातलं जेवढं कळतं तेवढं डॉक्टरांना कळत नसेल, कारण तिला तो पैसे मोजल्यासारखा वापरावा लागला आहे.

"हा दमा नाही," ती म्हणाली. "दमा छातीत बसतो. हिला खालून आवळतंय. हिला हा सर तंग होतोय, ताई."

ती 'हिला' म्हणाली.

"कापून टाकते," मी म्हणाले. "आत्ताच. कात्री दे."

"आणि त्याबरोबर तिचा श्वास कापला गेला तर?"

आमच्याकडे पहिल्या मुलीला देदे म्हणतात, दुसरीला कोर्कोर आणि तिसरीला माकू. घरात आम्ही दोघीच वाढलो. मधलीचं नाव ठेवून झालं होतं, पण कमरेला सर बांधायच्या आत ती गेली. तिच्यासाठी पिवळे मणी भट्टीत होते आणि आई ते निघायची वाट बघत होती. आम्हाला हे मावशीने सांगितलं. आईने कधीच सांगितलं नाही, आणि आम्ही कधी विचारलं नाही.

बर्फाच्या पेट्यांमध्ये बसून आम्ही दोघींनी ते नाव घेतलं नाही. माकूने दुकानाचं शटर ओढलं आणि म्हणाली, "मी पण येते."

५

परतीच्या वाटेवर श्वास इतका बारीक झाला की मला बोट सराखाली सरकवून तो शोधावा लागत होता. मी स्वतःची समजूत घालत होते. म्हटलं, आई तेव्हाही घाईत असेल, महिने तिने उलटसुलट केले असतील, शेजारची एखादी मुलगी येऊन उभी राहिली असेल. मग म्हटलं, शेजारच्या मुलीला आई कमरेवरून ओळखणार नाही? मग विचार करणंच सोडून दिलं आणि आतल्या आत म्हणत राहिले, जरा धीर धर, पोचतोच आहोत.

ऊन अजून अंगणात होतं. आई भट्टीजवळ वाळूत मणी घासत बसली होती. तिने मान वर न करताच आम्हाला ओळखलं. "देदे. आणि माकू! मासे आणलेस का?"

"आई," मी म्हणाले, "पिवळा सर तंग झालाय."

तिने मला जवळ ओढलं, पाठमोरं केलं आणि सराखाली बोटं घातली. "तंग? तीन बोटं आत जातात. बारीकच झाली आहेस तू."

"मला नाही तंग झाला."

आईची बोटं सरावरच होती. तिच्या हाताखाली मण्यांनी एक अर्धा श्वास घेतला, मग बऱ्याच वेळाने आणखी एक. आईचं तोंड माझ्या पाठीशी होतं, त्यामुळे मला ते दिसलं नाही. माकूला दिसलं. पुढे मी तिला कितीदा विचारलं, पण आईच्या चेहऱ्यावर काय होतं ते ती सांगत नाही.

मग आई कामाला लागली. तिने गाठ कापली नाही, नखांनी उकलली. सर अंगावरून उतरला आणि माझी कमर एकदम माझ्या एकटीची झाली. मला ते आवडलं नाही. आईने स्टुलाखालची डबी ओढली आणि जुने पिवळे मणी मांडीवर ओतले. इतके पिवळे मणी तिने कधीपासून आणि कुणासाठी जपून ठेवले होते?

"ये," ती म्हणाली. "पाठ कर."

माकू पुढे झाली.

"तू नाही."

आईने दोन्ही हात पुढे केले. समोर अंगण होतं, ऊन होतं, बाकी काही नव्हतं. आईला मोतीबिंदू आहे, दिवसभर उन्हात बसली आहे, वय झालंय, असं मी मनात भराभरा म्हणत होते. तिचे हात हवेत एका उंचीवर गेले आणि दोन्ही बाजूंनी वळून पुढे आले. रिकाम्या हवेत असे हात वळवले की बोटं एकमेकांना भिडतात. आईची बोटं भिडली नाहीत. ती मध्येच थांबली, आणि तळवे कशावर तरी टेकले तसे पसरले.

"किती वाढलीस," आई म्हणाली. माप घेतल्याचं सांगताना तिचा चेहरा उजळला होता, तसाच पुन्हा उजळला, पण आता डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला तिचे हात मोकळे नव्हते. "अशी बाई झालीस, आणि मी पोरीचंच माप धरून बसले."

माकूने माझं मनगट पकडलं.

आई त्याच सरात आणखी मणी ओवत गेली. बोटभर ओवायचं, हात पुढे करून लावून बघायचं, पुन्हा ओवायचं. आणि तोंडाने रागावणं चालूच, जसं ती गावातल्या प्रत्येक मुलीला रागावते. "हलू नकोस. पोट आत ओढायचं नाही, माझ्यापुढे कसली लाज? श्वास सोड. पूर्ण सोड. हां, असा. आता घे."

आणि मी ऐकला. शपथेवर सांगते, तो मण्यांवरून कळला नाही, कानांनी ऐकला. खूप वेळ पाण्याखाली राहिलेल्या माणसाने डोकं वर काढून घ्यावा, तसा तो मोठा श्वास होता.

"आई," माकू कुजबुजली. आईने तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

६

आईने दोऱ्याची दोन्ही टोकं पुढे घेतली, एक गाठ मारली, तिच्यावर दुसरी मारली, वाकून उरलेला दोरा दाताने तोडला आणि तिथे क्षणभर गाल टेकवला. मग दोन्ही हात सोडून दिले.

मी डोळे गच्च मिटले. अंगणात सिमेंटचा कोबा आहे. त्यावर काचेचा एक मणी पडला तरी पलीकडच्या घरातली बाई विचारते, काय सांडलं? आईने इतके मणी ओवले होते. ते पडल्याचा आवाज ऐकायची मी वाट बघत होते. माकूची नखं मनगटात रुतत होती. तीही ऐकत होती.

आवाज आला नाही.

मग मणी वाजले, पण सांडल्यासारखे नाही. नवा सर घालून पहिल्यांदा चालणारी मुलगी जरा जपून पाऊल टाकते, तेव्हा वाजतात तसे वाजले. भट्टीच्या बाजूने, एका पावलाला एकदा.

"हळू," आई स्टुलावरून म्हणाली. "घाई नको. मला नीट बघू दे तुझी चाल."